माडगूळकर सोपे वाटतात, तीच अडचण आहे

व्यंकटेश माडगूळकरांमध्ये समजावून सांगण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. वाक्यं छोटी, शब्द रोजचे, पुस्तकं हातात मावतील एवढी. सांगोल्याला एसटीत बसलं तर सोलापूर येईपर्यंत 'बनगरवाडी' अर्ध्याच्या वर वाचून होते. जी. ए. कुलकर्णींच्या कथांना खुलासा लागतो, हे मान्य. माडगूळकरांना कशाला?

लागतो, आणि तो याच कारणामुळे लागतो. अवघड पुस्तकात वाचक अडखळतो, म्हणून थांबतो आणि विचार करतो. माडगूळकर कुठे अडखळू देत नाहीत. त्यामुळे वाचक शेवटच्या पानापर्यंत जातो, 'गावाचं वर्णन छान केलंय' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. ज्यासाठी ते लिहिलं होतं ते तसंच आत राहून जातं.

सोलापूरकडचा वाचक तर इथे जास्तच फसतो. माण नदी सातारा जिल्ह्यात उगवते, आटपाडीकडून सांगोला-मंगळवेढ्यात येते आणि सरकोलीपाशी भीमेला मिळते. म्हणजे माणदेशाचा एक मोठा तुकडा आपल्याच जिल्ह्यात आहे. सांगोल्याकडच्या एका पोराला परीक्षेसाठी 'बनगरवाडी' वाचावी लागली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, ''ह्यात गोष्ट कुठंय सर? आमच्या आज्ज्याचं रोजचंच लिवलंय की.'' लेखकाला यापेक्षा मोठी पावती मिळणार नाही, आणि पुस्तक याहून जास्त निसटूही शकत नाही.

आयुष्याची माहिती थोडक्यात उरकतो. जन्म १९२७ चा, गाव माडगूळ, आटपाडी तालुका. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होता. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर, म्हणजे 'गीतरामायण'वाले गदिमा. घर गरीब, शिक्षण अर्धवट. कोवळ्या वयात खेड्यात मास्तरकी केली, बेचाळीसच्या चळवळीत घर सोडलं, भूमिगत राहिले. पुढे चित्रकला शिकायला कोल्हापूर गाठलं. इंग्रजी स्वतःच्या कष्टानं शिकून घेतलं. १९४९ मध्ये 'माणदेशी माणसं' आलं तेव्हा वय होतं बावीस. १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी, ती जवळजवळ तीस वर्षं. मधल्या काळात नाटकं, पटकथा ('सांगत्ये ऐका'ची पटकथा त्यांचीच), जंगलावरची पुस्तकं. १९८३ मध्ये 'सत्तांतर'ला साहित्य अकादमी पुरस्कार आणि त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २००१ मध्ये निधन.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे चित्रकला. चित्र काढणारा माणूस आधी काय दिसतंय ते बघतो, त्याचा अर्थ काय ते नंतर. दुसरी म्हणजे रेडिओ. रेडिओवर लांब वाक्य चालत नाही. ऐकणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकत नाही. आधीच आखूड असलेलं त्यांचं वाक्य आणखी सुटसुटीत झालं त्याला ही नोकरीही कारणीभूत असावी, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष लिखाणाकडे. 'माणदेशी माणसं'मधलं धर्मा रामोशी हे व्यक्तिचित्र घ्या. धर्मा म्हातारा आहे, खंगलेला आहे, अंगावर धड कपडा नाही. निवेदक त्याला जुनं धोतर देतो. पुढे कधीतरी बघतो, तर धर्माच्या अंगावर धोतर नाही. आपल्यासारख्याच्या मनात लगेच काय येतं? विकलं असेल, नाहीतर गाठोड्यात जपून ठेवलं असेल. मग त्याची मुलगी समोर येते आणि धोतर कुठे गेलं ते कळतं. तिनं ते लुगड्यासारखं नेसलेलं आहे.

प्रसंग एवढाच. यावर माडगूळकर भाष्य करत नाहीत. 'केवढं हे दारिद्र्य' असा उद्गार नाही, निवेदकाचे डोळे पाणावत नाहीत, समाजाला दोन शब्द सुनावणं नाही. त्या आधीच्या पिढीतल्या कुणी हा प्रसंग लिहिला असता तर परिच्छेदभर हळहळ नक्की आली असती. माडगूळकर ती जागा मोकळी सोडतात, कारण ती वाचकाची आहे. मघाशी मनात आलेला 'विकलं असेल' हा संशय आता वाचकाला स्वतःच गिळावा लागतो. गरिबाबद्दल आपण किती पटकन वाईट विचार करतो, हे कुणीही न सांगता आपल्याला कळतं. सोपं लिहिणं म्हणतात ते हे. यात अवघड भाग आहे तो गाळण्याचा: काय लिहायचं नाही, हे ठरवण्याचा.

त्या काळात मराठी कथेत एक बदल घडत होता, त्याला नवकथा म्हणतात. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावं त्यात एकत्र घेतली जातात. थोडक्यात सांगायचं तर शेवटी कलाटणी देणारी, घडीव कथानकाची कथा मागे पडली, आणि माणसाच्या मनातलं किंवा त्याच्या जगण्यातलं एखादं टोक पकडणारी कथा पुढे आली. गाडगीळांनी शहरातल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवलं. माडगूळकर डोक्यात फारसे शिरतच नाहीत. माणूस काय करतो, कसा बसतो, काय खातो, कोणत्या वाटेनं जातो, एवढं सांगतात आणि आत काय चाललंय ते त्यावरून ओळखायला लावतात. नवकथेतला हा वेगळाच रस्ता होता. पुढे त्यांच्यावर 'ग्रामीण' अशी चिठ्ठी चिकटली आणि हे वेगळेपण त्या चिठ्ठीखाली झाकलं गेलं. गावाबद्दल लिहिणारे मराठीत पुष्कळ झाले. असं बघणारे फार थोडे.

'बनगरवाडी' १९५५ ची. विशीच्या आतबाहेरचा राजाराम सौंदणीकर मास्तर म्हणून धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा बंद पडलेली. पोरं मेंढरांमागे. वाडीचा कारभारी म्हातारा, त्याचा शब्द शेवटचा. मास्तर हळूहळू वाडीचा होतो: कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या भांडणात पड. आयबू नावाचा एक एकटा मुसलमान पोरगा त्याला जीव लावतो. दादू बालट्या त्याच्या वाइटावर असतो. कारभाऱ्याची मुलगी अंजी, तिच्यावरून मास्तर आणि कारभारी यांच्यात गैरसमज होतो. मास्तर वाडीकडून तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो. मग पाऊस पडत नाही. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. वाडी ओस पडते, मास्तरची बदली होते.

यात गोष्ट कुठाय, हा सांगोल्याच्या पोराचा प्रश्न खरं म्हणजे बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना आधी हे बघावं की ही कादंबरी कोणत्या गोष्टीला नकार देते.

सुशिक्षित तरुण खेड्यात जातो, अडाणी गावाला शिकवतो, विरोध होतो, शेवटी गाव सुधारतं. हा साचा स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात चालत होता, सिनेमातही आणि कादंबरीतही. 'बनगरवाडी' नेमकी त्याच दारातून आत येते. मास्तर तरुण, शाळा बंद, गाव अडाणी. तालीम उभी राहते तेव्हा तर वाटतं, झालं, जिंकला मास्तर. पुढच्या पानांवर ती तालीम तशीच उभी असते आणि व्यायाम करायला गावात माणूस नसतो. मास्तरनं मनापासून केलेल्या कामाचा आणि वाडी टिकण्या-न टिकण्याचा काही संबंधच नव्हता. तो संबंध पावसाशी होता. त्यामुळे 'नायक कोण' या परीक्षेतल्या प्रश्नाला 'वाडी हाच नायक' असं छापील उत्तर देतात, ते मला अर्धवट वाटतं. वाडी काही करत नाही, तिच्यावर गोष्टी गुदरतात. करणारा एकच, आणि तो कादंबरीभर आभाळात आहे. त्याला तुम्ही नायक म्हणा, खलनायक म्हणा.

तालमीबद्दल एक जास्तीची गोष्ट, कारण ती बाहेरच्याला पटकन कळत नाही. धनगरवाडीत तालीम, आणि तिच्या उद्घाटनाला राजा? हे काल्पनिक वाटतं. पण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि स्वतः चित्रकारही होते. याच संस्थानात १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं गावपंचायतींवर उभी अशी राज्यघटना आली आणि राजानं आपले अधिकार प्रजेकडे दिले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत त्याच प्रयोगातली. पुढे 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमाची कथा गदिमांनी लिहिली, तिचं मूळ तिथलं. एवढा लहान मुलूख, पण त्यातल्या वाडीवरच्या पोरसवदा मास्तरला राजापर्यंत पोचता येत होतं. 'बनगरवाडी'त दिसणारी सरकार नावाची गोष्ट म्हणूनच दूर आणि परकी नाही. ती येते, तालीम बघते, कौतुक करते. आणि दुष्काळात तिचा काही उपयोग होत नाही.

दुष्काळ. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत इकडे फारसं काही उरत नाही. महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आटपाडी-सांगोल्याकडे पाचशेच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. अशा जमिनीवर नुसत्या शेतीवर पोट भरत नाही, म्हणून मेंढरं. मेंढराचा फायदा असा की त्याला चालवत नेता येतं. पाऊस इथे नाही तर तिथे. त्यामुळे धनगराचं गाव सोडणं म्हणजे दर वेळी आकांत नव्हे, तो एक जुना मार्ग आहे. कादंबरीच्या शेवटी वाडी रिकामी होते तेव्हा माडगूळकर छाती पिटत नाहीत त्याचं कारण हेही आहे. ही माणसं मरायला निघालेली नाहीत, जगायला निघालेली आहेत. मास्तर मात्र जागेला बांधलेला, शाळा जागेला बांधलेली. उजाड वाडीत एकटा उरतो तो शिकलेला माणूस. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की म्हातारी माणसं बहात्तरचं सांगतात. 'बनगरवाडी' त्याच्या सतरा वर्षं आधीची, पण बहात्तर बघितलेल्या माणसाला त्यातलं एकही पान समजावावं लागत नाही.

आणखी एक प्रसंग जवळून बघू. शेकूकडे दुसरा बैल नाही. पेरणीची घाई, बैल उसना द्यायला कुणी तयार नाही. शेवटी बैलाच्या जोडीला त्याची बायको जुवाला लागते. हा प्रसंग सांगताना माडगूळकरांचा आवाज जराही चढत नाही. शेकू क्रूर आहे असं ते म्हणत नाहीत, बायको त्यागमूर्ती आहे असंही नाही. काम अडलं होतं, ते असं झालं. वाचताना आपल्याला शेकूचा राग येतो, मग बैल न देणाऱ्यांचा येतो, मग कळतं की त्यांचीही पेरणी अडलेली होती. राग कुठे ठेवावा ते सापडत नाही. न्यायनिवाडा करून हात झटकता येऊ नयेत, ही या लेखकाची खरी करामत. निवेदक मास्तर आहे, तोही शिकाऊ, हे त्यासाठी फार सोयीचं पडतं. त्याला गाव पुरतं कळलेलं नाही, म्हणून तो निकाल देत नाही. आणि तो गावात राहतो, म्हणून त्याला सगळं दिसतं. अर्धा आत, अर्धा बाहेर. माडगूळकरांची बहुतेक मोठी पुस्तकं याच उंबऱ्यावरून लिहिली गेली आहेत.

त्यातलं सर्वांत कठीण पुस्तक 'वावटळ', १९६४ चं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता म्हणून दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. पुण्यात असलेले तरुण आपापल्या गावाकडे निघतात, वाटेत काय दिसतं आणि गावात काय होतं, ते या छोट्या कादंबरीत आहे. लेखक स्वतः ब्राह्मण घरातला. म्हणजे या वेळी उंबऱ्यावरचा माणूस आतल्या बाजूला ढकलला गेलेला. इथे आवाज चढला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो चढत नाही. ओळखीची माणसं जाळायला येतात, ओळखीचीच वाचवायला येतात, आणि गाव दोन्ही मिळून बनलेलं असतं. 'बनगरवाडी'वर दहा लेख निघतात तिथे 'वावटळ'वर एखादा, हे मला अन्यायाचं वाटतं. जातीचा विषय आला की आपल्याकडे पुस्तक वाचण्याआधी बाजू विचारतात, हे त्याचं एक कारण असेल.

उतारवयात माडगूळकर जंगलाकडे वळले. पुष्कळांना हा छंद वाटला. नागझिऱ्याला जाऊन राहिले, 'नागझिरा' लिहिलं, प्राण्या-पक्ष्यांची टिपणं केली. इथे सोलापूरचा एक धागा आहे: अरण्यऋषी मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, आयुष्यभर जंगलात वनाधिकारी, आणि शेवटी परत सोलापुरात. २००६ मध्ये सोलापूरलाच झालेल्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. माडगूळकरांचा आणि त्यांचा स्नेह होता. दोघांत फरक मात्र मोठा. चितमपल्लींना जंगल ठाऊक होतं आणि ते ती माहिती भरभरून देतात. माडगूळकर जंगलातही मास्तरसारखेच उंबऱ्यावर उभे असतात.

या जंगलवेडातून 'सत्तांतर' आलं, १९८२ मध्ये. पात्रं सगळी वानरं. ही कादंबरी समजून घ्यायला थोडं प्राणिशास्त्र लागतं. वानरांच्या टोळीत बहुतेक वेळा एकच मोठा नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. टोळीबाहेर फटिंग नरांचे जथे फिरत असतात. त्यातला एखादा जोर धरून टोळीवर चालून येतो, म्होरक्याला हाकलतो आणि टोळी ताब्यात घेतो. पुढचं भयंकर आहे. नवा नर पुष्कळदा आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे पाहून नोंदवलं, तेही आपल्यापासून फार लांब नाही, धारवाडच्या रानात. १९७७ मध्ये सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरच्या पुस्तकात त्याचा उलगडा मांडला: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर होते. हा उलगडा तेव्हा सगळ्यांना पटला नाही. गर्दीमुळे बिघडलेलं वागणं आहे, असंही काही शास्त्रज्ञ म्हणत होते.

माडगूळकर हा सगळा मालमसाला घेऊन काय करतात? त्यांची वानरं पंचतंत्रातल्यासारखी शहाणपण शिकवत नाहीत. ती खातात, उवा काढतात, घाबरतात, मारतात, मरतात. पुस्तकाच्या नावामुळे आणि त्या काळातल्या दिल्लीच्या राजकारणामुळे पुष्कळांनी ते राजकीय रूपक म्हणून वाचलं. तसं वाचता येतं, पण तेवढंच वाचलं तर नुकसान होतं. हा मंत्री, तो विरोधी पक्ष असा हिशेब लावत बसलं की समोरची मादी दिसेनाशी होते, जी मेलेलं पिल्लू सोडत नाही. धर्माच्या धोतरासारखंच हे. तिथे लेखक बोलला नव्हता, इथेही बोलत नाही. फरक इतकाच की धर्माची बाजू घेणं आपल्याला जमतं. वानराच्या टोळीत बाजू घ्यायलाच कुणी नसतं: हरलेला नर कालपर्यंत तेच करत होता. 'बनगरवाडी'तला शेकूचा प्रसंग आणि 'सत्तांतर' यांत सत्तावीस वर्षं आहेत, पण वाचकाचा राग ठेवायला जागा न देणं तेच आहे.

याचा अर्थ सगळं निर्दोष आहे असं नाही. स्वस्थपणे बघणाऱ्या लेखकाच्या काही जागा आंधळ्या राहतात. 'बनगरवाडी'तली अंजी काय करते ते दिसतं, तिला काय वाटतं त्याचा थांग लागत नाही. पुरुषांच्या बाबतीत हे न सांगणं ताकदीचं ठरतं, तिच्या बाबतीत ते कधीकधी नुसतं न कळणं वाटतं. शेकूची बायको जुवाला लागते, पण त्या रात्री तिचे खांदे कसे होते ते पुस्तकात नाही. आणि साठोत्तरी दलित लेखनानंतर एक प्रश्न टाळता येत नाही: धर्मा रामोशानं स्वतः लिहिलं असतं तर ते धोतर असंच आलं असतं का? माझ्या मते नसतं आलं. त्यात चीड आली असती, आणि ती यायलाच हवी होती. पण म्हणून माडगूळकरांनी उसनी चीड आणायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. दिलेलं धोतर पुढे कुठे गेलं हे ज्याला बघावं लागतं, त्या देणाऱ्याच्या जागेवरून त्यांनी लिहिलं आणि ती जागा लपवली नाही.

वाचायचा क्रम विचाराल तर 'बनगरवाडी'पासून सुरुवात करू नका, निदान आपल्या भागातल्यांनी. ओळखीच्या गोष्टी इतक्या भेटतात की नजर घसरत पुढे जाते. आधी 'माणदेशी माणसं'मधली दोन-तीन माणसं घ्या आणि प्रत्येक चित्र संपल्यावर लेखकानं काय सांगितलं नाही ते शोधा. मग 'वावटळ', मग 'बनगरवाडी'. 'सत्तांतर' शेवटी, आणि ते एका बैठकीत संपवा. मध्ये चार दिवस ठेवलं तर कोणती मादी कुणाची आणि कोणता नर कोणत्या टोळीतला, हे बघायला पुन्हा मागची पानं उलटावी लागतात.